407 च्या डिफरन्शलचा ड्रेन प्लग जाम, तीन दिवस झाले हलत नाही

मिरकरवाडा_407 · 9 जून, रात्री 10:50

मंडळी, मदत करा. माझी टाटा 407 आहे, छोटा मालट्रक, 2011 ची. दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली. मिरकरवाडा बंदरावर मासळी भरायची आणि आंबा घाटातून कोल्हापूर गाठायचं, हाच धंदा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे गाडी घरच्या शेडमध्ये उभी आहे. म्हटलं या दोन महिन्यांत राहिलेली कामं उरकून घेऊ. मे महिन्यात साखरपा सोडून घाटाला लागलं की मागून घों घों आवाज यायचा, म्हणून पहिलं काम डिफरन्शलचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं, ऑइल बदलायचं धरलं. मी गाडी घेतल्यापासून ते बदललेलं नाही. आधीच्या मालकाने कधी बदललं होतं ते विचारायची सोय नाही, गाडीचं नाव काढलं की तो फोन ठेवतो.

आता रडगाणं. खालच्या ड्रेन प्लगला (ऑइल सोडायच्या बुचाला) बाहेर डोकं नाही, आत चौकोनी खड्डा आहे, अर्धा इंची. मूळचा आहे की नंतर कुणी दुसराच बसवलाय, कळायला मार्ग नाही. खड्ड्यात चिखल, गंज आणि खवले गच्च भरलेले. हो, खवलेच, बांगड्याचे. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढायलाच अर्धा तास गेला.

पहिल्या दिवशी रॅचेटचा दांडा थेट त्या चौकोनात घातला आणि जोर लावला. रॅचेट आतून कटकन तुटलं. दुसऱ्या दिवशी मोठी टॉमी (जाड लोखंडी दांडा) आणली, तिच्यावर मेहुण्याच्या विहिरीच्या पंपाचा तीन फुटी जीआय पाइप चढवला. मी गाडीखाली आडवा, मेहुणा मागून हात घालून पाइप ओढतोय. टॉमी दोनदा सटकली, चौकोनाचे कोपरे गोल व्हायला लागलेत. आज दिवसभर रॉकेल आणि डब्ल्यूडी-40 मारून ठेवलंय. प्लग आहे तिथेच आहे.

गॅस लावू का? ड्रिल मारून काढू का? की गॅरेजला टाकू? गॅरेजवाला आधीच म्हणाला, "अख्खा क्राउन (डिफरन्शलमधलं मोठं दातेरी चाक) उतरवायला लागेल." तिथून पुढचा खर्च ऐकायला मी थांबलोच नाही.

---

ऑल_इंडिया_परमिट · 9 जून, रात्री 11:20

गॅसवाला बोलवा, प्लग लालबुंद करा, लाल असतानाच फिरवा. दहा मिनिटांचं काम, एवढी चर्चा कशाला?

---

शिरोलीचा_लेथवाला · 9 जून, रात्री 11:45

भावा, आधी पाइप खाली ठेव.

60 किलोचा माणूस तीन फुटी पाइपच्या टोकाला लोंबकळला की 50 किलोग्रॅम-मीटरच्या वर टॉर्क (पिळायचा जोर) जातो. रॅचेटच्या आतले दात एवढेएवढेसे, ते तुटणारच. रॅचेट हे सुटलेला नट भराभर काढायचं हत्यार आहे, जाम झालेला सोडवायचं नव्हे. वर टॉमी त्या चौकोनात ढिली बसत असणार. ढिल्या हत्याराने जोर लावला की सगळा भार चार कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे गोल होतात. तुझं तेच झालंय.

जवळच्या लेथवाल्याकडे जा. एन-24 चा (कडक पोलादाचा) चौकोनी बार घे, मापापेक्षा केसभर जाडच. एका टोकाला कानशीने अगदी हलका उतार दे आणि हातोडीने खड्ड्यात ठोकून बसव, पाचर बसवतात तसा. दुसऱ्या टोकाला रिंग पाना लागेल असं षटकोन करून घे. ठोकताना प्लगला जो दणका बसतो त्यानेच निम्मा गंज सुटतो. काम झाल्यावर बार टाकून देऊ नकोस, पुढच्या वेळी हाच लागणार आहे.

ड्रिल मात्र आत्ता काढू नकोस. ते शेवटचं.

---

बहादूरशेख_नाका · 10 जून, सकाळी 6:15

मी चिपळूणला हायवेवर 31 वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. सकाळी लवकर उठायची सवय गेली नाही, म्हणून हे वाचलं.

अरे बाबा, तीन दिवस ड्रेन प्लगशी कुस्ती खेळतोयस, पण वरच्या फिलर प्लगबद्दल (ऑइल भरायच्या बुचाबद्दल) एक अक्षर लिहिलेलं नाहीस. तो सुटतो का बघितलंस? ड्रेनला हात लावायच्या आधी फिलर उघडून बघायचा. समज, खालचा सुटला, सगळं ऑइल खाली आलं आणि वरचा जाम निघाला. मग नवीन ऑइल घालणार कुठून? कोरडी गाडी धड चालवता येत नाही, धड ढकलता येत नाही. मी शिकाऊ असताना हे स्वतः केलंय. पार्टी दारात उभी, भाडं चुकलेलं, आणि उस्ताद मला काही न बोलता नुसता बघत होता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर क्रम असा धर. आधी गाडी काढ आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आण. उभ्या गाडीतलं गिअर ऑइल काकवीसारखं घट्ट असतं, गरम झालं की पातळ होतं आणि तळाचा गाळ त्यात मिसळतो. आलास की सपाट जागी लाव, हँडब्रेक ओढ, चाकांना दगड लाव. मग फिलर उघड. उघडला की फिलरच्या भोकातून नळी घालून हातपंपाने जेवढं ऑइल निघेल तेवढं ओढून काढ. म्हणजे तुझी घाई संपली. ड्रेन आज सुटो नाहीतर आठ दिवसांनी, वेळ पडली तर वरूनच नवीन ऑइल भरून गाडी हलवता येते. तळाचा गाळ तेवढा राहतो, म्हणून ड्रेन काढायचा तर आहेच, पण डोक्यावर टांगती तलवार नको.

आता प्लगचं. रॉकेल, डब्ल्यूडी बाहेरून मारून फार उपयोग होत नाही, कारण प्लगचं तोंड खाली आहे, मारलेलं सगळं तुझ्या छातीवर गळतं. आतल्या बाजूचे आटे ऑइलमध्ये बुडालेले असतात, तिथे गंज नसतो. गंज बाहेरच्या दोन-तीन आट्यांत. तो जोराने सुटत नाही, दणक्याने आणि उष्णतेने सुटतो. प्लगच्या तोंडावर जाड पंच ठेवून किलोभराच्या हातोडीने सरळ चार-पाच ठोके दे. मग प्लगला नाही, प्लगच्या भोवतीच्या हौसिंगला (डिफरन्शलच्या लोखंडी कवचाला) बत्ती लाव, गोल फिरवत. पाण्याचा थेंब टाकला की चर्र झालं पाहिजे, त्याहून जास्त नको. तेवढ्यात मेणबत्ती प्लगच्या कडेला टेकव. मेण वितळून आट्यांत आपोआप ओढलं जातं, वरच्या दिशेनेसुद्धा. मग आधी कणभर आवळ. हो, आवळच. गंजाची पकड मोडायला पुढे-मागे दोन्हीकडे हालचाल लागते. त्यानंतर सोडव.

ऑल इंडियावाल्यांना सांगतो, लालबुंद करू नका. आत ऑइल आहे. त्याची वाफ साधारण 200 अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते आणि लाल लोखंड त्याच्या तिप्पट गरम असतं. फिलर बंद ठेवून हौसिंग तापवलं तर आत दाब धरतो तो वेगळाच. बत्ती लावायच्या आधी फिलर उघडाच हवा. आणि ज्याच्यावर नुकतंच डब्ल्यूडी आणि रॉकेल मारलंय तिथे तर आधी फडक्याने पुसून, वारा लागू देऊन मगच आग न्यायची.

घों घों आवाजाचं सांग: अॅक्सिलरेटर सोडला की आवाज बदलतो का? की वळणावर बदलतो?

---

मिरकरवाडा_407 · 10 जून, रात्री 9:30

काका, नमस्कार. अॅक्सिलरेटर सोडला की आवाज जवळजवळ जातो, दाबला की येतो. वळणावर काही फरक नाही.

पावसातच हातखंब्यापर्यंत जाऊन आलो. फिलर प्लग हातोडीच्या चौथ्या ठोक्याला सुटला, काही त्रास नाही. डिझेलचा हातपंप लावला आणि जे आलं ते बघून मेहुणा म्हणाला, "अरे, हा तर चहा!" खरंच सांगतो, दूध घातलेल्या चहासारखा रंग. काळं किंवा सोनेरी नाही, सरळ बदामी, फेसाळ. वास मात्र गिअर ऑइलचाच, तो गंधकाचा घाणेरडा वास. बायकोने शर्ट घरात आणू दिला नाही.

आणि एक कबुली. आज कळलं की पहिले दोन दिवस आम्ही निम्मा वेळ प्लग आवळत होतो. मी उताणा, डोकं पुढच्या चाकांकडे. मेहुणा मागे, तोंड माझ्याकडे. मी म्हणायचो "डावीकडे ओढ", तो त्याच्या डावीकडे ओढायचा. माझं डावं ते त्याचं उजवं. लग्नात अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे असतात तसे.

---

शिरोलीचा_लेथवाला · 10 जून, रात्री 9:50

हसून हसून मेलो. भावा, हौसिंगवर खडूने बाण काढ. खालून प्लगच्या तोंडाकडे बघताना घड्याळाच्या उलट. बाणाला डावं-उजवं नसतं.

---

बहादूरशेख_नाका · 11 जून, सकाळी 6:05

बदामी रंग म्हणजे ऑइलमध्ये पाणी. मग माझं कालचं एक वाक्य चुकलं, ते मागे घेतो. मी म्हटलं आतल्या आट्यांना गंज नसतो. तुझ्या गाडीत असणार. ऑइलपेक्षा पाणी जड, गाडी उभी राहिली की ते तळाशी बसतं, म्हणजे बरोबर प्लगच्या डोक्यावर. तुझा प्लग बाहेरून खाऱ्या पाण्यात आणि आतूनही पाण्यात, दोन वर्षं. आता लक्षात आलं तो एवढा का धरून बसलाय.

पाणी आत शिरलं कुठून, तेही सांगतो. हौसिंगवर वरच्या बाजूला एक छोटा ब्रीदर असतो, टोपीवाला. डिफरन्शल तापलं की आतली हवा फुगते, ती त्यातून बाहेर जाते. गाडी तापून बंदरात येते, तिथे भरताना बर्फाचं पाणी त्या गरम हौसिंगवर गळतं. हौसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि बाहेरचं जे काही असेल ते ब्रीदरमधून आत ओढते. टोपी तुटलेली असेल तर मिठाचं पाणी थेट आत. जाऊन बघ टोपी आहे का. पैज लावतो, नसेल.

आवाज अॅक्सिलरेटरबरोबर बदलतो म्हणजे चाकाच्या बेअरिंगपेक्षा क्राउन-पिनियनकडे (मोठं दातेरी चाक आणि ते फिरवणारं छोटं) संशय जास्त. पण आत्ताच काही ठरवू नकोस. तळातला गाळ हातात येऊ दे.

---

मिरकरवाडा_407 · 13 जून, रात्री 8:15

टोपी नाही. ब्रीदरच्या जागी नुसतं भोक, त्याच्यावर चिखलाची गोळी आणि बरोबर त्याच्या वर हौदाच्या तळातून येणारी पाणी सोडायची नळी. कुणी आखून ठेवावी तशी.

प्लगचा वृत्तांत. एन-24 चा बार करून आणला, ठोकून बसवला, बत्ती, मेणबत्ती, खडूचा बाण, सगळं केलं. प्लग आवळायच्या बाजूला थोडा हलल्यासारखा वाटला. नंतर कळलं प्लग नव्हे, बार फिरला होता. चौकोन आता चौकोन राहिला नाही, वाटी झाली.

शेवटी वेल्डरला बोलावलं. काल संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा गाडी शेडबाहेर घेतली. काका, तुम्हाला काही विचारायच्या आधीच त्याने अर्थिंगचा चिमटा चेसिसला लावला होता...

---

बहादूरशेख_नाका · 13 जून, रात्री 8:40

...आणि तू तो काढायला लावलास म्हणून सांग, नाहीतर मी झोपणार नाही. अर्थिंग हौसिंगलाच, प्लगच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी लावायचं. लांब लावलं की करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्यांच्या गोळ्यांवर ठिणगीचे डाग पडतात. सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागतं आणि कारण कुणाला आठवत नाही. बॅटरीची वायर काढलीस ना?

---

मिरकरवाडा_407 · 13 जून, रात्री 9:20

काढली, काढली. चिमटाही हलवला, वेल्डर जरा फुगला, पण हलवला. फिलर उघडा ठेवला, शेजारी वाळूची बादली आणि ओलं गोणपाट. आतलं ऑइल पंपाने आधीच काढलेलं होतं, तरी खाली थोडं उरलेलं असणार म्हणून धाकधूक होती.

24 चा नट प्लगच्या तोंडावर धरला आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंग भरलं. पहिला नट पाना लावताच टक्कन निघून हातात आला. खाली वेल्डिंगचा काळा बुडबुडा, त्यात तेल. वेल्डर म्हणाला, "मच्छीचं तेल आहे का हे?" मग ग्राइंडरने तोंड घासून, थिनरने पुसून, पूर्ण वाळवून दुसरा नट लावला. या वेळी रॉड सावकाश, भोक काठापर्यंत भरलं. लाल असताना वेल्डर लगेच फिरवायला निघाला, मी म्हटलं थांबा. रंग काळा पडू दिला, आणखी दोन मिनिटं थांबलो. रिंग पाना, पाइप नाही, नुसता हात. आधी कणभर आवळला. मग उलट.

आवाज आला. कट्. मी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकलेला नाही.

प्लग निघाल्यावर आधी ऑइल आलं नाही, पाणी आलं. अर्धा ग्लास तरी असेल, गंजाच्या रंगाचं. मग तो बदामी चहा. प्लगचे आटे आतल्या टोकाला पार झिजलेले, माझ्या करंगळीने गंज निघत होता. काका, तुमचं बरोबर होतं.

भोकात बोट घालून तळाचा गाळ काढला. बहुतेक काळी मऊ पेस्ट, दोन बोटांत घासली तर ग्रीससारखी. पण त्यात एक कण टोचला. धुऊन बघितला. तांदळाच्या कणीएवढा, पातळ, एका बाजूने आरशासारखा चकचकीत.

---

शिरोलीचा_लेथवाला · 13 जून, रात्री 9:45

नवीन प्लग घेताना जुना बरोबर ने. आटे टेपर (टोकाकडे निमुळते) आहेत की सरळ ते बघ. टेपर असेल तर प्लग पुढे जाईल तसा स्वतःच घट्ट होतो, वॉशर लागत नाही, आट्यांना सीलंट लाव आणि साध्या पान्याने आवळ, पाइप घेतलास तर पुढच्या वर्षी इथे परत दिसशील. सरळ आटे असतील तर खाली तांब्याचा वॉशर हवाच. हौसिंगचे आटे टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ कर, टॅपला ग्रीस लाव म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. आणि बाहेर षटकोनी डोकं असलेला प्लग मिळाला तर तोच घे. आत चुंबक असेल तर सोन्याहून पिवळं.

---

बहादूरशेख_नाका · 14 जून, सकाळी 6:10

पेस्ट चालते, ती नेहमीची झीज आहे. तो चकचकीत कण मात्र नेहमीचा नाही. पातळ आणि एका बाजूने आरसा म्हणजे बेअरिंगच्या किंवा दाताच्या वरचा पापुद्रा निघाला. पाण्याने ऑइलची फिल्म तुटते, लोखंडाला लोखंड लागतं, मग पृष्ठभाग पापुद्र्याने सुटतो. एका कणावरून क्राउन उतरवायला मी सांगणार नाही. पण विसरूही नकोस.

असं कर. दोन लिटर स्वस्तातलं गिअर ऑइल घालून, मागची चाकं अधांतरी, खाली लाकडी ठोकळे, पहिल्या गिअरला दोन मिनिटं फिरव, लगेच काढून टाक. डिझेलने धुणारे असतात, पण ते आत उरलं तर नवीन ऑइल पातळ करतं, मला ते आवडत नाही. मग खरं ऑइल भर. 90 की 140 (ऑइलचा घट्टपणा) ते गाडीच्या पुस्तकात बघ, माझ्यावर जाऊ नकोस. पण डब्यावर जीएल-5 (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलेलं असलं पाहिजे. जीएल-4 गिअरबॉक्ससाठी ठीक, क्राउन-पिनियनच्या हायपॉइड (तिरक्या, एकमेकांवर घसरणाऱ्या) दातांना पुरत नाही. फिलरच्या भोकाच्या खालच्या काठाला ऑइल आलं की बंद. करंगळीचं पेर आत वाकवून टेकलं पाहिजे.

ऑगस्टमध्ये धंदा सुरू झाला की दोनशे किलोमीटरनंतर ड्रेन पुन्हा काढ आणि बोट घाल. आणखी चकचकीत कण आले तर सीझन चालू असताना का होईना, गाडी थांबवून क्राउन उतरव. आंबा घाटात पिनियन गेला तर मासळीसकट गाडी उभी राहील, आणि तो वास तुला माहीत आहे.

---

मिरकरवाडा_407 · 16 जून, रात्री 10:05

झालं. षटकोनी डोक्याचा प्लग मिळाला, चुंबकवाला. आटे टेपर निघाले. बदामी चहा पूर्ण गेला, दुसऱ्या वेळी काढलेलं स्वस्त ऑइल स्वच्छच होतं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चेसिसच्या वर नेऊन बांधली, तोंड खाली वळवून. हौदाची पाण्याची नळी आता मागच्या चाकाच्या पलीकडे सोडली आहे, आरटीओला आवडेल का ते बघू.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोट घालून सांगतो काय लागलं ते. तोवर मेहुण्याचा तगादा आहे, पाइप परत हवाय. मधोमध वाकलाय. विहिरीत सरळ जात नाही.